पश्चिमेची चार इंची भिंत

सन २०२४. मला बहात्तरावं चालू होतं. दोन्ही गुडघे बोलायला लागले होते आणि थापी हातातून सुटून सहा वर्षं झाली होती. त्या वर्षी मार्च अर्धा सरला तेव्हा माझ्या लेकीची सासू आमच्या धायरीच्या घरी आली, जिना चढून वरच्या खोलीत गेली, पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला आणि तवा लागावा तसा मागं घेतला.

दुपारचे तीन वाजले होते. ती वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. बाई कर्वेनगरच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. परीक्षा कधी घ्यायची ते त्यांना कळतं.

माझी लेक म्हणजे आमचं शेंडेफळ. मुलाच्या पाठीवर अकरा वर्षांनी झालेली. तिचं पहिलंच बाळंतपण, दिवस मे महिन्यातले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, आणि लेकीलाही यायचं होतं. आईच्या हातानं अंग चोळून घ्यायचं, आईनं बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, हे तिनं सासूच्या देखत सांगितलं होतं. सासूचीही ना नव्हती. पण लेकीला उन्हाचा त्रास होत होता, एकदा चक्कर येऊन पडली होती, आणि डॉक्टरांनी तिला गारव्यात ठेवा म्हणून सांगितलं होतं. घरात द्यायला मोकळी खोली एकच, ती वरची. खाली मुलाचा संसार आणि आम्हा म्हाताऱ्यांची एक खोली, त्यात एका माणसाची कूस वळायची पंचाईत.

मी म्हणालो, "विहीणबाई, मेपर्यंत खोली गार करून देतो. माझा शब्द."

त्या पदरानं मान पुसत होत्या. म्हणाल्या, "व्याहीबुवा, आपला शब्द गार आहे हो. खोली नाही."

मग त्यांनी अट घातली. रामनवमीनंतरच्या रविवारी, याच वेळेला त्या पुन्हा येणार. खोलीत बसवलं तर लेकीला धाडणार, नाही तर तिचं बाळंतपण कर्वेनगरला, त्यांच्या एसीच्या खोलीत. लेक दारात उभी होती.  नुसती माझ्याकडं बघत होती, आणि ते बघणं मला ओळखीचं होतं.

निघताना विहीणबाईंनी विचारलं की एवढी तापते कशी ही खोली. मी म्हणालो, पलीकडं टॉवर उभे राहिले, वारं अडलं. हे मी पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. त्यांनी टॉवरांकडं बघितलं आणि मान हलवली.

खरं काय ते मला ठाऊक होतं. घर मी बांधलं. चाळीस वर्षं पुण्यात लोकांची घरं बांधली. कर्वेनगरात सोसायट्यांवर सोसायट्या चढत होत्या तेव्हा मी तिथल्या बांबूच्या परांचीवर होतो. शाळा तिसरीतच सुटली, पण भिंत ओळंब्यात नाही असं कुणी आजवर मला म्हणालेलं नाही. गावठाणातलं हे घर मी सुट्टीच्या दिवशी बायकोला हाताशी घेऊन उभं केलं. तळमजला नऊ इंची विटांचा, भर मे महिन्यात खाली फरशीवर पडलं की झोप लागते. वरची खोली नंतरची. लेक नववीत गेली तेव्हा तिला अभ्यासाला वेगळी जागा पाहिजे होती. मी घाईत होतो. विटा कमी होत्या, आणि टेबल मावावं म्हणून आतली जागा वाढवायची होती. पश्चिमेची भिंत मी चार इंची घेतली. दुपारी दोनपासून दिवस बुडेपर्यंत त्या भिंतीला ऊन असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुढच्या वर्षी बाहेरून काहीतरी करू म्हणालो. ते पुढचं वर्ष आलंच नाही. लेक त्याच खोलीत डोक्यावर ओला टॉवेल टाकून दहावी झाली, बारावी झाली, पदवीधर झाली. घामानं वहीची पानं हाताला चिकटायची. कधी तक्रार केली नाही. तेव्हाही अशीच नुसती बघायची.

पुढच्या रविवारी मुलानं एसीवाल्याला बोलावलं. मला विचारलं नाही. मुलगा म्हणाला, "आण्णा, दोन तासांचं काम आहे, फिट झालं की टेन्शन संपलं." मी म्हणालो, माझ्या घराला यंत्र लावलं तर मी घर बांधलं नाही, भट्टी बांधली असा अर्थ होतो. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

एसीवाला वर गेला, भिंतीवर बोटानं टकटक केली आणि म्हणाला, "काका, ही चार इंची दिसते. बाहेरचं युनिट हिच्यावर टांगता येणार नाही. दुसरीकडं कुठं तरी बसवू, पण ही भिंत अशी तापत राहिली तर मशीनला दिवसभर दम खायला मिळायचा नाही. बांधली कुणी ही?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आमची मंडळी चहा घेऊन वर आली होती, ती म्हणाली, "सांगा की आता."

मी सांगितलं नाही. एसीवाल्याला म्हणालो, चहा घ्या आणि निघा, गरज पडली तर बोलावू. मुलगा चिडला. म्हणाला, तुमच्या हट्टापायी ती घरी यायची नाही. ते मला लागलं. ते खरं होण्यासारखं होतं.

आमच्या मंडळीचं म्हणणं आणखी निराळं. तिला एसीची भीती. बाळंतिणीच्या अंगाला शेक लागतो, कानाला फडकं बांधतात, आणि तुम्ही तिच्यावर बर्फाचं वारं सोडणार का, म्हणून तिनं मलाच झापलं. म्हणजे सासूला खोली गार पाहिजे, आईला गार नको, आणि मधे मी. मी तिला म्हणालो, माठातलं पाणी असतं तसं गार करतो. ती म्हणाली, करा मग.

पहिल्या खेपेला मी गवंड्यासारखाच चुकलो. नवा स्लॅब पडला की त्यावर मातीची आळी घालतात, आळ्यांत पाणी भरून ठेवतात, सिमेंट आठ-पंधरा दिवस भिजत राहतं. हे काम जन्मभर केलेलं. मला वाटलं, पाणी साठलं की ऊन पाण्यातच अडेल. खोलीच्या स्लॅबवर आळी बांधली, पाणी भरलं. एक दिवस, दोन दिवस, खोलीला बरा फरक पडला. मी मिशीवर हात फिरवत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी आमची मंडळी खाटेवरच्या गाद्या झाडायला वर गेली, आणि छतातून टप्पकन थेंब पडला तो नेमका तिच्या भांगात.

खाली येऊन ती म्हणाली, "अहो, बाळाला मी न्हाऊ घालणार आहे. वरून तुम्ही कशाला घालताय?"

जिन्यावरचा स्लॅब आणि खोलीचा स्लॅब जिथं मिळतात तिथं केसाएवढी भेग होती. पावसाचं पाणी उतारानं वाहून जायचं म्हणून ती कधी बोलली नव्हती. साठलेल्या पाण्यानं ती शोधून काढली. मुलाला कळलं तेव्हा त्याचा राग वेगळाच होता. आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी येतं ते आलं म्हणायचं, बाकी टँकर. शेजारी बादलीला बादली लावून रांगेत उभे आणि आण्णांनी गच्चीवर तळं केलंय, असं तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी त्याच संध्याकाळी आळी फोडली, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून घमेल्यांनी खाली आणून गल्लीतल्या कडुनिंबाला घातलं. चौदा खेपा. गुडघ्यांनी रात्री त्याची आठवण दिली.

 दोन दिवस मी उन्हातच बसून राहिलो. वेड लागलं म्हणून नव्हे, ऊन कुठून कसं येतं ते एकदा नीट बघून घ्यायला. तेव्हा माझ्या एवढं लक्षात आलं की तापलेली वस्तू गार करत बसणं हे उशिराचं काम आहे. ऊन भिंतीला आणि स्लॅबला लागायच्या आधी अडलं पाहिजे. यात काही मोठं नाही, डोक्यावर टोपी घालणाऱ्या कुणालाही हे कळतं. पण मला टोपी काढून बसल्यावर कळलं.

आणि मग मला एक जुनं काम आठवलं. मी पोरसवदा होतो तेव्हा माझ्या मिस्त्रीनं एका बंगल्याच्या गच्चीवर मडकी उपडी मांडून त्यावर चुन्याचा माल पसरला होता. मी तेव्हा हसलो होतो. मिस्त्रीनं कानाखाली दिली आणि मला मे महिन्यात त्या गच्चीखाली उभं केलं. मडक्याच्या पोटात हवा कोंडून राहते, ती ऊन खाली सोडत नाही. मडकं हलकं, स्लॅबवर भार नाही.

पण एवढी मडकी आणायची कुठून? कुंभाराकडं तडकलेले माठ होते, त्यांतले बरेचसे अगदीच फुटके निघाले. चांगले मिळाले ते अर्धी जागा भरेल एवढेच. हे मी जेवताना बोललो. आमची मंडळी भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली की चैत्रगौरीचं हळदीकुंकू दोन दिवसांवर आलंय, तेव्हा बघते.

संक्रांतीला आमच्याकडं बायका सुगडं पुजतात. छोटी मातीची मडकी, एकीची पाच, त्यात ऊस, बोरं, हरभरा, गाजर भरायचं आणि एकमेकींना वाण म्हणून द्यायची. संक्रांत झाली की या सुगडांचं काय करायचं हा मोठा प्रश्न असतो. पुजलेली म्हणून फेकवत नाहीत, आणि वापरायला फार लहान. मग ती माळ्यावर जातात, आणि वर्षावर वर्ष साठत राहतात. आमच्या मंडळीनं हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आंब्याची डाळ आणि पन्हं दिलं, आणि एवढंच म्हणाली की माझी लेक बाळंतपणाला यायची आहे, माळ्यावरची सुगडं द्या.

संध्याकाळपासून सुगडं यायला लागली. पिशवीतून, टोपलीतून, जुन्या साडीत बांधून. काहींवर अजून हळदीकुंकवाची बोटं दिसत होती. एका म्हातारीनं तर तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची दिली, काळी पडलेली. आमच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. गल्लीतली एक शहाणी मात्र म्हणाली, पुजलेली सुगडं उपडी घालायची, तीही बाळंतिणीच्या डोक्यावर, हे काही बरं नाही बाई. मी काही बोलायच्या आत आमची मंडळी म्हणाली, "एवढ्या सवाष्णींची वाणं माझ्या लेकीच्या डोक्यावर राहणार. याहून बरं काय असतं ते सांग."

त्या बाईनं दुसऱ्या दिवशी स्वतःची दहा आणून दिली.

मग मी कामाला लागलो. पहाटे पाचला गच्चीवर, नऊला खाली. आधी ती भेग बसवली. खरवडून, धुऊन, माल दाबून, तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवली. मग मडकी मांडायला घेतली. मोठी कडेनं, सुगडं मधल्या जागेत, सगळी तोंडं खाली. फटींत चुन्याचा माल, वर पातळ थर, उताराला धरून. थापी हातात घेतली तेव्हा पहिल्या दिवशी माल जाड-पातळ बसला. दुसऱ्या दिवशी नाही. हाताला आठवतं. गुडघ्यांसाठी मी पाट घेऊन बसलो, आणि पाट सरकवत सरकवत सगळा स्लॅब पुरा केला. थर वाळल्यावर कळीचा चुना भिजवला, त्यात मीठ आणि डिंकाचं पाणी घातलं आणि कुंचल्यानं तीन हात दिले. दुपारी वर बघवत नव्हतं, इतकं पांढरं.

भिंतीचं वेगळं. ती पाडून नऊ इंची करायला वेळही नव्हता आणि वयही. मी बाहेरच्या बाजूनं भिंतीपासून हातभर अंतर ठेवून बांबूचा सांगाडा उभा केला आणि त्याला कामट्यांच्या तट्ट्या बांधल्या. तट्ट्यांनाही चुना. ऊन तट्टीवर थांबतं, मधल्या जागेतून वारं वर निघून जातं, आणि भिंतीला कळतही नाही की बाहेर उन्हाळा आहे. शेवटी खोलीच्या आत, छताला लागून समोरासमोर दोन झरोके फोडले, कारण तापलेली हवा वर जमते आणि तिला जायला वाट लागते. स्वतः बांधलेल्या भिंतीवर स्वतः छिन्नी चालवताना हातोडा जरा हळूच पडत होता. मुलगा कामावरून येऊन खाली उभा राहून बघायचा. पाचव्या दिवशी वर आला आणि बांबू धरून उभा राहिला. त्यानं विचारलं, हे इतकं सोपं होतं तर आधी का नाही केलं. मी म्हणालो, तिरका आहे, सरळ धर.

मग शिस्त. रात्री खिडक्या सताड उघड्या, सकाळी ऊन चढायच्या आत बंद, दुपारी पडदा ओढलेला. लोक उलटं करतात. दुपारी उकडतं म्हणून खिडकी उघडतात आणि बाहेरची सगळी आग आत घेतात.

रविवार आला. मी सकाळपासून वर गेलो नाही. परीक्षेच्या आधी वही चाळायची सवय मला कधी नव्हती. बरोबर तीनला विहीणबाई आल्या, बरोबर लेक. लेकीला जिना चढवत नव्हता, ती खाली आईजवळ बसली. विहीणबाई एकट्या वर गेल्या, मी मागोमाग. त्यांनी पंखाही लावू दिला नाही. खाटेवर बसल्या. झरोके बघितले, छत बघितलं, बांबूच्या कामाबद्दल विचारलं, आणि बाळाला रोजचं गरम पाणी कुठून आणणार म्हणून विचारलं. मी गच्चीवरचे दोन तांब्याचे हंडे दाखवले, काळ्या फडक्यात गुंडाळलेले. सकाळी उन्हात ठेवले की साडेदहाला त्यात हात घालवत नाही. जे ऊन मी खोलीतून हाकललं होतं त्यालाच पाणी तापवायला लावलं होतं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मी जरा बसते, आपण खाली जा.

मी खाली आलो. साडेतीन वाजले, चार वाजले. वरून आवाज नाही. लेक म्हणाली, आण्णा बघा जाऊन, त्यांना उन्हानं काही झालं तर. मी घाबरून वर गेलो. विहीणबाई खाटेवर कुशीवर झोपल्या होत्या, चष्मा हातात, तोंड थोडं उघडं.

मी दाराशीच खोकलो. त्या उठल्या, चष्मा लावला, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "झोपले नव्हते मी. परीक्षा घेत होते."

मी हसलो नाही. फार अवघड गेलं.

मग त्या उठून पश्चिमेच्या भिंतीजवळ गेल्या. चारचं ऊन, या भिंतीची सगळ्यात वाईट वेळ. तळहात ठेवला. ठेवूनच राहिल्या. म्हणाल्या, वारं अडलेलं तर अजून तसंच आहे, टॉवर काही हलले नाहीत, मग ही गार कशी झाली?

मी काहीही सांगू शकलो असतो. मी पास झालोय असं त्या सांगायच्या बेतात होत्या, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो की माझ्या भिंतीत खोट दिसली तर बोट दाखवा. आता एका बाईनं अख्खा तळहात ठेवला होता.

मी म्हणालो, "टॉवरचा काही दोष न्हाय, विहीणबाई. ही भिंत मी चार इंची बांधली. पश्चिमेची भिंत चार इंची बांधायची नसते, हे मला तवाबी ठावं होतं. पोरगी हितं भाजत शिकली ती माझ्यामुळं."

त्या भिंतीवरचा हात न काढता माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतंत, तर महिनाभर मी त्या टॉवरवाल्यांना शिव्या दिल्या नसत्या."

जिन्यात आवाज आला म्हणून वळून बघितलं तर लेक वर आली होती. एकेक पायरी बसत बसत. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, जिथं तिचं टेबल असायचं तिथं भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसली आणि म्हणाली, "आण्णा, मला माहीत होतं. दहावीत असतानाच पट्टी लावून वीट मोजली होती मी."

विहीणबाई म्हणाल्या, पंखा कुरकुरतो, तेवढा बदला. आणि खिडक्यांच्या वेळा कागदावर लिहून दाराला लावा, येणारी-जाणारी माणसं उघडी टाकतात. मग लेकीला हात देऊन उठवलं आणि तिला घेऊन गेल्या. रीतीप्रमाणे लेकीला न्यायला माहेरचं माणूस जावं लागतं, ती अशी सासूबरोबर येऊन राहत नाही. मुलगा म्हणाला, मी सुट्टी काढून गाडीनं घेऊन येतो. मी म्हणालो, तू कामावर जा.

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठलो. वर जाऊन हंडे भरले, भिंतीला हात लावून बघितला. नखांतला चुना निघत नव्हता, तो तसाच राहू दिला. धुतलेलं धोतर, टोपी घातली, रिक्षा केली आणि साडेसहाला कर्वेनगरला त्यांच्या दारात उभा राहिलो. विहीणबाईंनी लेकीची ओटी भरली. मला चहा दिला. बॅग मीच उचलली. परत येताना लेक म्हणाली, रिक्षा सावकाश घ्यायला सांगा, खड्डे आहेत. मी रिक्षावाल्याला म्हणालो, खड्ड्यात सावकाश घे, पण मधे मधे पळव, आठच्या आत मला वरच्या खिडक्या लावायच्या आहेत. लेक म्हणाली, आई लावेल की. तिची आई लावेल हे मलाही ठाऊक होतं. तरी मी रस्ताभर सूर्याकडं बघत होतो. आठला सात मिनिटं कमी असताना आम्ही दारात उतरलो. आमची मंडळी भाकरतुकडा घेऊन लेकीवरून ओवाळायला उभी होती. मी बॅग तिथंच ठेवली, जिना चढलो आणि खिडक्या लावल्या.